सामाजी हसाजी दिवेकर : टिपूच्या कैदेतून वाचलेला कोकणचा शिपाई आणि मुंबईतली पहिली ज्यू मशीद

खांदा कॉलनी (पनवेल) : खांदेश्वर स्टेशनवरून सीएसएमटीची लोकल पकडणारे आपल्या भागातले कितीतरी लोक रोज मस्जिद स्टेशनवरून जातात. कुणी नोकरीला, कुणी कोर्टकचेरीला, तर कुणी मस्जिद बंदरला उतरून दुकानासाठी मसाले, सुका मेवा, घाऊक माल आणायला. स्टेशनचं नाव ऐकून बहुतेकांना वाटतं की जवळच्या एखाद्या मुस्लिम मशिदीवरून ते पडलं असेल. पण जुने जाणकार वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्यानुसार ही मशीद म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. ते बांधलं आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या माणसाने, १७९६ साली. त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. त्याच भागातल्या सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राईल, म्हणजे ज्यांना गावात लोक नुसते इस्राईल म्हणायचे, आता गावोगावी जवळपास दिसेनासे झालेत. साठ-सत्तरीच्या पुढच्या माणसांना त्यांची घरं आठवतात, पण तरुण पोरांना नावही माहीत नसतं. हे लोक कोण होते, कुठून आले, त्यांना कुणी सांभाळलं आणि ते गेले का, हे समजून घ्यायचं तर सामाजींची हकीकत वाचायला हवी. त्यांच्या एका आयुष्यात या समाजाची बरीचशी कहाणी आलेली आहे.

नवगावचा किनारा आणि शनिवार तेली

सामाजी कुठल्या समाजात जन्मले, ते आधी पाहू. बेने इस्राईल म्हणजे इस्राईलची लेकरं. या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका एवढेच वाचले. बाकीच्यांचे मृतदेह किनाऱ्याला लागले, ते नवगावलाच पुरले. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षांपूर्वी म्हणतं, कुणी त्याहून बरंच अलीकडचा काळ धरतं. नवगावला आजही त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे.

वाचलेल्या माणसांकडे काहीच उरलं नव्हतं, धर्मग्रंथही समुद्रात गेले. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना ठेवून घेतलं. कोण, कुठले, कुठल्या देवाचे, याची चौकशी करून हाकलून दिलं नाही. ते इथंच राहिले, मराठी बोलू लागले, बायका लुगडी नेसू लागल्या, लग्नात हळद आणि मंगळसूत्र आलं. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. फक्त एक गोष्ट सोडली नाही. शनिवार हा त्यांचा सुटीचा पवित्र दिवस, त्या दिवशी बैल घाण्याला जुंपायचा नाही. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

नाव साधं आहे, पण त्यात शेजाऱ्यांचाही मोठेपणा आहे. गावात तेल लागायचं रोज, पण शनिवारी घाणा बंद असतो हे गावाने मान्य केलं. आदल्या दिवशी तेल घेऊन ठेवलं, नाहीतर रविवारपर्यंत थांबले. या कारणावरून त्यांना कुणी गावाबाहेर काढलं नाही.

आडनावंही त्यांनी इथलीच घेतली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. आपल्या पनवेल तालुक्यातल्या आपट्यावरून आपटेकर. दिवेकर हे आडनाव दिवेआगरशी जोडलं जातं. सुवर्ण गणेशामुळे आज सगळ्यांना ठाऊक असलेलं श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव. सामाजींचं घराणं या दिवेकरांपैकी.

नाव मराठी, मूळ हिब्रू

सामाजी हे नाव ऐकून कुणालाही मराठा किंवा आगरी घरातला माणूस वाटेल. पण ते मूळचं सॅम्युअल. वडिलांचं नाव हसाजी, म्हणजे इझिकेल. भावाचं नाव इसाजी, म्हणजे आयझॅक. त्या काळी बेने इस्राईल लोकांनी बायबलमधल्या नावांना असंच मराठी वळण दिलं होतं. मोझेसचा मुसाजी झाला, अब्राहमचा आबाजी, डेव्हिडचा दाऊदजी. आईने हाक मारली तरी शेजाऱ्याला परकं वाटू नये, अशी ही नावं.

सामाजींच्या लहानपणी कोकणात या समाजाचं एकही प्रार्थनास्थळ नव्हतं. प्रार्थना घरातच व्हायची. पाठ होती ती थोडीच, त्यात मुख्य म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी शमा नावाची प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, बारसं असो, तीच म्हणायची. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, शनिवार पाळायचा, आणि ज्या माशाला पर आणि खवले आहेत तोच खायचा. म्हणजे सुरमई, पापलेट चालेल, पण कोळंबी, चिंबोरी नाही. कोकणात राहून कोळंबी न खाणं सोपं नाही, पण ते त्यांनी पाळलं.

याच खुणांवरून हे लोक ज्यू आहेत, हे डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यू विद्वानाने ओळखलं, असं समाजात सांगतात. त्याने बायकांना वेगवेगळे मासे शिजवायला दिले, तेव्हा त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढले. मग त्याने काही तरुणांना धर्माचं शिक्षण दिलं आणि त्यांना काजी नेमलं. तरी देऊळ किंवा मशीद म्हणावी अशी वास्तू उभी राहिली नव्हती. सगळा समाज एकत्र जमेल अशी जागाच नव्हती.

घाण्यावरून पलटणीत

अठराव्या शतकात कोकणातली तरुण पोरं मुंबईला जायला लागली. मुंबई तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. बंदर वाढत होतं, किल्ला होता, आणि कंपनीला सैन्यासाठी माणसं हवी होती. घाण्यावर जेमतेम पोट भरायचं. पलटणीत ठरलेला पगार मिळायचा, वर मान होता. बेने इस्राईल घरातले बरेच तरुण कंपनीच्या फौजेत भरती झाले. त्याआधी काही जण आंग्र्यांच्या आरमारातही होते, त्यामुळे हत्यार त्यांना नवीन नव्हतं.

सामाजी आणि त्यांचे भाऊ याच वाटेने गेले. ते लढवय्ये तर होतेच, पण माणसं सांभाळणारेही असावेत, कारण साधे शिपाई म्हणून ते राहिले नाहीत. बढती मिळत मिळत कमांडंट म्हणण्याच्या हुद्द्यापर्यंत पोचले. देशी माणसाला कंपनीच्या पलटणीत मिळू शकणारा हा मोठा मान होता. पुढे शंभर-दीडशे वर्षं बेने इस्राईल समाजातल्या कित्येक घरांतून मुलं सैन्यात गेली, सुभेदार झाली.

म्हैसूरचं युद्ध आणि कैद

१७८० ते १७८४ या काळात कंपनी आणि म्हैसूरकर यांच्यात युद्ध झालं. इतिहासात याला दुसरं म्हैसूर युद्ध म्हणतात. आधी हैदरअली लढत होता. डिसेंबर १७८२ मध्ये तो वारला आणि मुलगा टिपू सुलतान गादीवर आला. मुंबईहून कंपनीची फौज जनरल मॅथ्यूज याच्या हाताखाली समुद्रमार्गे खाली उतरली. १७८३ च्या सुरुवातीला तिने बेदनूर घेतलं. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात येतं. पण टिपू मोठी फौज घेऊन चालून आला. काही महिन्यांतच कंपनीच्या लोकांना शरण जावं लागलं आणि शेकडो माणसं कैद झाली. ही कैद खडतर होती. खुद्द जनरल मॅथ्यूज कैदेतच मेला.

सामाजी, त्यांचा भाऊ इसाजी आणि समाजातले आणखी काही शिपाई या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती लागले. शत्रूच्या फौजेतली माणसं, त्यात हुद्देदार. जीव वाचेल याची खात्री नव्हती.

पुढचा प्रसंग बेने इस्राईल घरांमध्ये आजीने नातवाला सांगावा तसा सांगितला गेला. अलिबागला जन्मलेले हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकात या समाजाचा इतिहास लिहिला, त्यातही तो आला. सरकारी कागदावरची ही नोंद नाही, समाजाची आठवण आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

कैद्यांना टिपूसमोर उभं केलं गेलं. प्रत्येकाला जात-धर्म विचारला जात होता. सामाजी आणि त्यांच्या माणसांनी सांगितलं की आम्ही बेने इस्राईल. दरबारातल्यांना हा काय प्रकार ते कळेना. हिंदू नाही, मुसलमान नाही, फिरंगीही नाही. तेव्हा टिपूच्या आईच्या कानावर हे नाव गेलं. कुराणात बनी इस्राईल हे नाव पुन्हा पुन्हा येतं, एका सुऱ्यालाच ते नाव आहे. आपण ज्यांच्याबद्दल ग्रंथात वाचलं, ऐकलं, पण जन्मात कधी पाहिले नाहीत, ते लोक हेच, असं तिच्या ध्यानात आलं. तिने मुलाला सांगून त्यांचा जीव वाचवला.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे. जीव वाचवणारी बाई शत्रूच्या घरची, वेगळ्या धर्माची. कैद्यांशी तिचा काही संबंध नव्हता. तिने फक्त त्यांना ओळखलं. आपल्या धर्मग्रंथातलं नाव आणि समोरचा दोरखंडाने बांधलेला माणूस यांचा मेळ तिने घातला. नवगावच्या किनाऱ्यावर कोळ्या-आगऱ्यांनी ओळख नसताना ठेवून घेतलं होतं, इथे एका आईने ओळख पटल्यावर सोडवलं. दोन्ही वेळा शेजारचा, परका माणूसच कामाला आला.

मार्च १७८४ मध्ये मंगळूरला तह झाला आणि कैदी सोडायचं ठरलं. सामाजी सुटून मुंबईला परतले. असं सांगतात की कैदेत असताना त्यांनी नवस केला होता. जिवंत परत गेलो तर देवाचं घर बांधीन.

१७९६ : दयेचं दार

नवस फेडायला वेळ लागला, पण तो फेडला गेला. मुंबईत मांडवी भागात बेने इस्राईल लोकांची वस्ती झाली होती. पुढे त्या वस्तीला इस्राईल मोहल्ला म्हणू लागले. तिथेच १७९६ मध्ये सामाजींनी समाजाचं पहिलं प्रार्थनास्थळ उभं केलं. हिब्रूमध्ये त्याचं नाव शाआर हारहमीम. अर्थ दयेचं दार. जिवावर बेतलेल्या माणसावर दया झाली, त्याची ही आठवण, असं हे नाव वाचताना वाटतं.

इंग्रजीत ज्यू प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात. पण आपल्या बेने इस्राईल लोकांना हा शब्द कुठून माहीत असणार? मूर्ती नाही, एकच देव मानायचा, एकत्र जमून प्रार्थना करायची, ते शेजारच्या मुस्लिमांकडे पाहून त्याला मशीदच म्हणू लागले. सामाजींची मशीद मग जुनी मशीद म्हणून ओळखली गेली. मस्जिद बंदर आणि मस्जिद स्टेशन ही नावं या मशिदीवरून पडली, असं म्हणतात ते यामुळेच. १८६० च्या सुमारास ती वास्तू नव्याने बांधली गेली.

ज्यांनी सिनेगॉग आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आत मूर्ती, तसबीर काही नसतं. एका भिंतीत कपाट असतं, त्यात चामड्यावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी ठेवलेली असते. तोरा म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ. हे कपाट जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला असतं. मधोमध उंच ओटा, तिथून ग्रंथ वाचतात. आणि मुख्य नियम असा की पूर्ण प्रार्थना करायची तर किमान दहा मोठे पुरुष जमायला हवेत. नऊ असले तरी चालत नाही.

या दहाच्या नियमामुळे मशिदीचं मोल कळतं. घरात एकटा माणूस शमा म्हणू शकतो, पण समाज म्हणून उभं राहायला दहा जण एका जागी यावे लागतात. सामाजींनी जागा दिली, म्हणून दहा जमले, दहाचे शंभर झाले. घाण्यावर, शेतावर, पलटणीत विखुरलेले लोक पहिल्यांदा एका छपराखाली आले.

कोचीनचा शेवटचा प्रवास

मशीद झाली, पण सामाजींचं काम संपलं नव्हतं. मशिदीला तोराची गुंडाळी हवी. ती छापील चालत नाही, जाणकार लेखकाने नियमाप्रमाणे एकेक अक्षर लिहावं लागतं. कोकणात असं लिहिणारं कुणी नव्हतं. म्हणून सामाजी दक्षिणेला कोचीनला गेले. तिथे ज्यूंची जुनी वस्ती होती आणि धर्माचं ज्ञान असलेले लोक होते.

त्या गावाची गोष्टही सामाजींच्या गोष्टीला जुळणारी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरच्या ज्यूंना फार छळलं. तेव्हा कोचीनच्या हिंदू राजाने त्यांना आपल्या मट्टनचेरीच्या वाड्याला लागूनच जागा दिली. १५६८ मध्ये तिथे सिनेगॉग उभं राहिलं. राजवाडा आणि सिनेगॉग आजही शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त भिंत. राजाने त्यांना थेट आपल्या दारात बसवलं, म्हणजे त्यांच्यावर हात टाकायचा तर आधी राजाच्या अंगणात शिरावं लागेल.

अशा गावी सामाजी पोचले. पण परत आले नाहीत. १७९७ मध्ये तिथेच त्यांना मरण आलं आणि तिथल्याच मातीत त्यांना पुरलं. मशीद बांधून जेमतेम वर्ष झालं होतं. ज्याने लढाई पाहिली, कैद सोसली, तो माणूस शेवटी एका ग्रंथासाठी घरापासून लांब गेला.

सामाजींच्या मागे

मुंबईची मशीद मात्र बंद पडली नाही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोकणातही प्रार्थनास्थळं उभी राहिली. अलिबागला १८४८ मध्ये, आणि आपल्या पनवेलला १८४९ मध्ये बेथ एल, म्हणजे देवाचं घर. रेवदंडा, पेण इथेही झाली. पनवेल शहरातल्या इस्रायल तलावाचं नाव तर आजही लोकांच्या तोंडी आहे. नाव कशावरून पडलं, हा प्रश्न मात्र आता कुणी विचारत नाही.

मशिदीपाठोपाठ शाळा आली. १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी इस्राईल शाळा सुरू झाली, त्यात केहीमकरांचा मोठा वाटा होता. आज माझगावातलं सर एली कदूरी हायस्कूल ते हेच. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं होऊ लागली. मनात धरलेलं काम झालं की पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मलिदा करायचा आणि एलियाहू हनबी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, ही रीत तर फक्त आपल्या कोकणातल्या ज्यूंची. शेजारच्या घरी मलिद्याची वाटी जायचीच.

या छोट्या समाजाने महाराष्ट्राला माणसंही दिली. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. डॉ. जेरुशा झिराड या नावाजलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांचं आडनाव अलिबागजवळच्या झिराडचं. बूट पॉलिश सिनेमातला जॉनचाचा आठवतो ना? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

ते गेले, पण कुणी हाकललं म्हणून नाही

१९४८ मध्ये इस्राईल देश झाला आणि हळूहळू कोकणातली घरं रिकामी होऊ लागली. १९५१ च्या शिरगणतीत देशात ज्यूंची संख्या सुमारे २६ हजार होती. यात बेने इस्राईलच सर्वात जास्त. २०११ च्या जनगणनेत ती साडेचार हजारांच्या आसपास उरली, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. जे गेले ते धर्माच्या ओढीने गेले, कुणी पोटापाण्यासाठी गेले. नवीन देशात त्यांना सुरुवातीला सुख नव्हतं. तुम्ही खरे ज्यू का, असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी काढला. त्यासाठी भांडावं लागलं, १९६४ मध्ये तो वाद मिटला. ज्यांना कोकणात कुणी खरे-खोटे विचारलं नव्हतं, त्यांना आपल्याच लोकांत पुरावा द्यावा लागला.

तिथेही मराठी सुटलेली नाही. मायबोली नावाचं मराठी नियतकालिक तिकडून निघत आलं. १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो. पुरणपोळी आणि मलिदा दोन्ही होतात.

याच काळातली युरोपची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले. तिथे बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं, काहींनी तर पकडून दिलं. पण काही शेजारी असेही निघाले की त्यांनी माळ्यावर, तळघरात, गोठ्यात ज्यूंना लपवलं. पकडले गेले असते तर घरासकट मेले असते. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने अशा २८ हजारांहून जास्त माणसांची नावं शोधून त्यांचा गौरव केला. एकेक नाव शोधावं लागलं, कारण अशी माणसं थोडी होती.

आपल्या कोकणातल्या शेजाऱ्यांची नावं अशी कुठे लिहिलेली नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पाणी कुणी दिलं, घाण्यासाठी जागा कुणी दिली, शनिवारी तेल न मागण्याचं कुणी ठरवलं, कुणाचंच नाव उरलं नाही. कारण इथे कुणाला माळ्यावर लपवायची वेळच आली नाही. इतक्या शतकांत धर्मावरून या समाजावर कोकणात हात उचलला गेला नाही, हे ज्यू लोक स्वतः जगभर सांगतात. आपल्या जिल्ह्याला मिळालेलं हे प्रमाणपत्र आहे, आणि ते आपल्या आजोबा-पणजोबांनी मिळवलेलं आहे.

आता पाळी आपली

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. समाजाची मागे राहिलेली माणसं जमेल तसं आपल्या वास्तू सांभाळतात. पण जिथे दहा पुरुष जमणंच अवघड, तिथे सणालाच दार उघडतं. दफनभूमीचं त्याहून अवघड आहे. मशिदीला निदान कुलूप असतं. गावाबाहेरच्या दफनभूमीवर झाडोरा माजतो, गडगा ढासळतो, दगड मातीत जातात. ज्यांची माणसं तिथे पुरलेली आहेत ती हजारो किलोमीटर लांब आहेत.

त्यात आपल्या भागात विमानतळ आला, रस्ते रुंद झाले, गुंठ्याला भाव आला. बेवारस दिसणाऱ्या जमिनीवर कुणाचीही नजर जाते. म्हणून गावकऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी काही साध्या गोष्टी करायला हरकत नाही. आपल्या गावात इस्राईल लोकांची दफनभूमी होती का, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्यावं. सातबारावर आणि गावनकाशात ती कशी लागली आहे, ते तलाठ्याकडे पाहावं. नांगरताना किंवा जेसीबी चालवताना चौकोनी वळणाची, न कळणारी अक्षरं असलेला दगड निघाला तर तो पायरीला किंवा गोठ्याला लावू नये. तो कुणाच्या तरी आजा-आजीचा दगड आहे. ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलांना कळवावं. दिवाळीच्या आधी आपण आपल्या घराची साफसफाई करतो, त्यातले दोन तास तिकडेही द्यावेत. शाळेतल्या मास्तरांनी पोरांना एकदा पनवेलच्या बेथ एलबद्दल सांगावं.

यातलं काही करायला फार पैसा लागत नाही. सामाजी दिवेकरांना ज्या बाईने वाचवलं, तिनेही पैसा खर्च केला नव्हता. समोरचा माणूस कोण आहे हे तिने ओळखलं आणि एक शब्द टाकला. सामाजींनी त्या उपकाराची फेड मशीद बांधून केली, पुढच्या पिढ्यांनी ती दोनशे वर्षांहून जास्त चालवली. ते लोक आता इथे थोडे राहिले. त्यांची घरं गेली, घाणे गेले. गावांच्या नावाची आडनावं ते सोबत घेऊन गेले आणि आपल्या मातीत पुरलेली माणसं आपल्या भरवशावर ठेवून गेले. शेजार एकदा जोडला की माणूस गावात नसला तरी त्याच्या घराकडे लक्ष ठेवायचं असतं, ही कोकणातली रीत. ती या शेजाऱ्यांच्या बाबतीतही चालू राहिली पाहिजे.